हुसेनचाचांची शेवटची गादी

प्रिय मैत्री आणि राहुल,

मागच्या रविवारी फोनवर मी मैत्रीला विचारले, डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला हे ठीक, पण तुझ्या गादीला बंद खोळ घातली आहे का? ती हसली. सगळे औषधाचे विचारतात आणि आजी गादीचे, असे म्हणाली. मी हे कुठे शिकले ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही शेवटचे भूमला आलात तेव्हा ज्या गाद्यांवर झोपलात आणि राहुल ज्यांच्यावर उड्या मारून माझी बोलणी खात होता, त्या गाद्या करणाऱ्या माणसाबद्दल हे आहे.

हुसेन नदाफ. गल्ली त्यांना हुसेनचाचा म्हणायची. आमच्या गल्लीच्या एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला मशीद, आणि मधोमध त्यांचे घर आमच्या घरासमोर. ते पिंजारी होते. दबलेला कापूस पिंजून मोकळा करायचा, खोळीत भरायचा, दाभणाने टाके घालायचे, हा त्यांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तरुणपणी ते खांद्यावर पिंजण टाकून आसपासच्या गावांतून फिरत. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचे लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात. त्या तातेचा आवाज आला की बायका घरातल्या गाद्या बाहेर काढत. मी पाहिले तोवर पिंजण भिंतीला टांगलेले होते आणि पडवीत विजेचे मशीन आले होते. दिवसभर ते घरघरायचे आणि संध्याकाळी चाचा पडवीतून बाहेर पडत ते पांढऱ्या भुवयांचे, पांढऱ्या दाढीचे म्हातारे होऊन. हौदावर तोंड धुतले की पुन्हा काळे केस दिसत. त्यांची नात सना म्हणायची, आमचे दादा रोज संध्याकाळी जवान होतात.

कामाला बसण्याआधी त्यांची एक सवय होती. त्यांच्या कानात कायम कापसाचा बोळा असे. शुक्रवारी तो अत्तराचा, एरवी कोरा. त्यातली चिमूटभर रुई काढून ते तळहातावर धरत आणि ती कुठे उडते ते बघत. मग वाऱ्याकडे पाठ करून बसत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, “वारं बघूनच बसावं, बाई. न्हायतर गिऱ्हाइकाची गादी शेजाऱ्याच्या भाकरीवर.”

स्वतः ते कधी गादीवर झोपले नाहीत. जमिनीवर घोंगडी, उशाला हात. पण दुसऱ्याची गादी उसवली की ती त्यांना पुस्तकासारखी वाचता येई. कापूस कुठे दबला, कुठे पिवळा पडला, कुठे गोळा झाला, यावरून त्या घरातले माणूस कसे झोपते ते त्यांना कळे. तुमच्या आजोबांची गादी त्यांनी एका वर्षी उसवली, खोळीत हात घालून कापूस चाचपला आणि मला हळूच विचारले, साहेबांनी डाव्या अंगावर झोपायचं कधीपासून सोडलं? मी शेजारच्या पलंगावर झोपत असून माझ्या ते ध्यानात आले नव्हते. महिन्याभरात सोलापूरला आजोबांच्या छातीची तपासणी झाली. पुढचे तुम्हाला माहीत आहे. आजोबा गेल्यावर ती गादी मी चाचांकडे दिली तेव्हा त्यांनी ती दिवसभर उन्हात नुसती उघडी ठेवली, मशीन लावले नाही.

गादी तयार झाली की ते तिच्यावर पंजा दाबत, सोडत आणि ती वर येताना बघत. “घेतला बघा श्वास,” म्हणत. गादीने श्वास घेतला तर माणूस झोपतो, हे त्यांचे तत्त्व. त्यासाठी खोळीचे कापड ते मुद्दाम विरळ विणीचे निवडत. दुकानदार घट्ट विणीचे, टिकाऊ कापड पुढे करी, तर ते बाजूला सारत. मला हे सगळे फार आवडायचे. आपले काम इतके मनापासून करणारी माणसे मी शाळेतसुद्धा थोडीच पाहिली.

सना त्यांच्या मुलाची, इरफानची मुलगी. इरफान टेम्पो चालवायचा, सून शबाना घरी ब्लाउज शिवायची. सना सहा वर्षांची होईपर्यंत तिचा खोकला म्हणजे सर्दी, असेच सगळे धरून होते. चाचांची बायको खातूनबी दर गुरुवारी संध्याकाळी निखाऱ्यावर ऊद टाकून घरभर धूर फिरवायची, आणि पोरगी खोकायला लागली की नजर लागली म्हणून आणखी मूठभर टाकायची. मग एका थंडीत सनाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पळताना ती मध्येच थांबून गुडघ्यांवर हात टेकायची. इरफानने तिला बार्शीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी दमा सांगितला, दोन पंप दिले, एक रोजचा आणि एक त्रास झाला तर घ्यायचा, आणि घर कसे ठेवायचे याचा एक छापील कागद दिला. कागद इंग्रजीत होता.

तो घेऊन चाचा माझ्याकडे आले. नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर चप्पल काढून, खुर्ची दिली तरी पायरीवर बसले. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. घरात धूर नको, उदबत्ती नको, मच्छर अगरबत्ती नको, अत्तर नको. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात. मुलाच्या खोलीत कापूस, जुने कपडे, पोती साठवू नयेत. मूल घरात असताना गाद्या झटकू नयेत. चाचांनी कानातला बोळा काढला, त्याच्याकडे बघितले आणि खिशात टाकला.

“म्हंजे बाई,” ते म्हणाले, “त्या कागदावर माझंच नाव लिवलंय.”

एकच ओळ राहिली होती, ती मी वाचली. गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेनची, चारी बाजूंनी बंद खोळ घालावी. तेव्हा मात्र ते हसले. तेवढे सोडून बाकी सगळे करू, म्हणाले. बंद खोळीत गादी गुदमरते, तिला घाम येतो, आत कापूस कुजतो. त्या डॉक्टरला औषध कळत असेल, रुई कळत नाही. मी ती ओळ पुन्हा वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली. बत्तीस वर्षे मी मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, पण त्या दिवशी पुढे बोलले नाही. गादीच्या बाबतीत ते मास्तर आणि मी विद्यार्थी, असे मला वाटले. मुलांनो, ही चूक एकट्या चाचांची नव्हती.

बाकीचे त्यांनी खरोखर केले. मशीन बार्शी रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये हलवले. कामाचे कपडे तिथेच सोडून, तिथेच आंघोळ करून घरी येऊ लागले. खातूनबीचा ऊद बंद झाला, त्यावरून आठवडाभर त्या घरात बोलणे बंद होते. आमच्या मागच्या खव्याच्या भट्टीचा धूर यायचा त्या बाजूची खिडकी त्यांनी खिळे ठोकून बंद केली. शुक्रवारी नमाजाला ते अत्तराशिवाय जायला लागले, तेव्हा मित्रांनी चेष्टा केली, चाचा आता म्हातारे झाले. ते म्हणाले, व्हय, झालो.

आणि सनाच्या गादीसाठी त्यांनी स्वतःचा उपाय काढला. धूळ जुन्या, दबलेल्या कापसात बसते हे त्यांना माहीत होते. म्हणून दर महिन्याला ते तिची गादी शेडवर नेत, उसवत, पिंजत आणि त्याच विरळ कापडात ताजी भरून संध्याकाळी परत आणत. कुणाची गादी महिन्याला पिंजली जाते? राजाची नसेल. बंद खोळीमुळे जी धूळ आत राहिली असती ती त्यांच्या प्रेमाने दर महिन्याला मोकळी होऊन त्या विरळ कापडातून तिच्या नाकाशी येत होती. हे आज मी सरळ लिहू शकते. तेव्हा समोरच्या ओट्यावरून ती फुगलेली गादी घरात जाताना बघून मला कौतुकच वाटायचे.

सनाला त्यातल्या त्यात बरे होते. बरे आहे म्हणून रोजचा पंप मागे पडला. दुसरा पंप खातूनबीने कपाटात ठेवला, कारण पोरीच्या जातीला पंप लागतो हे चार लोकांना कळले तर पुढे लग्नाला अडचण, असे तिला वाटे. ईदच्या आदल्या दिवशी पाहुणे येणार होते, म्हणून तिने कपाटाला कुलूप लावले.

त्याच दुपारी चाचा नवी गादी घेऊन आले. नातीसाठी ईदची भेट, नवा कापूस, कापड आणखी विरळ. त्यांनी ती पुढच्या खोलीत अंथरली, पंजा दाबून सोडला आणि सनाला म्हणाले, चढ. ती चढली आणि उड्या मारायला लागली. दार उघडे होते, मी ओट्यावर मेथी निवडत होते. उन्हाचा पट्टा त्या खोलीत पडला होता आणि सनाच्या प्रत्येक उडीला त्या उन्हात पांढरी भुकटी वर उठत होती. चाचा टाळ्या वाजवत होते.

मेथीची जुडी संपायच्या आत शबाना ओरडत बाहेर आली. सना भिंतीला टेकून बसली होती, खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता, ओठ जांभळे. किल्ली सापडायला वेळ लागला. पंप दिला, पुन्हा दिला, पुरला नाही. इरफानने टेम्पो काढला. मी पुढच्या सीटवर बसून सनाला सरळ धरले, शबाना माझ्या बाजूला चढली. चाचा दार धरून आत यायला लागले, तेव्हा शबानाने त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना थांबवले. नवी गादी नातीला कधी दाखवतो असे झाल्याने ते शेडवर कपडे न बदलताच आले होते. सदऱ्यावर रुई होती.

“अब्बा, तुम्ही मागं बसा,” ती म्हणाली. “तिच्याजवळ येऊ नका.”

बार्शीपर्यंत ते मागच्या उघड्या हौद्यात उभे राहून आले. वाऱ्याने त्यांच्या अंगावरची रुई वाटभर उडत गेली असेल.

सना वाचली. तीन दिवस ऑक्सिजनवर होती. पण बार्शीहून शबाना तिला भूमला परत आणायला तयार झाली नाही, थेट तुळजापूरला माहेरी घेऊन गेली. नंतर एकटी सामान न्यायला आली तेव्हा मी तिथे होते. ती भांडली नाही. सासऱ्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, तुमच्यासारखं माणूस न्हाय, अब्बा, पण पोरीला मी ह्या घरात न्हाय ठेवणार. चाचा म्हणाले, “बराबर हाय, बेटा.” एवढेच.

दुसऱ्या दिवसापासून शेड बंद. मशीन त्यांनी देऊन टाकले. गिऱ्हाईक आले तर ते फोमच्या दुकानाचा पत्ता सांगत. माझ्याकडून त्यांनी तो कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत, कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहून घेतला आणि भिंतीवर लावला. घर साफ झाले की सना परत येईल, असे त्यांनी ठरवले होते. शबानाने तसे काही कबूल केलेले नव्हते.

घर साफ करायला त्यांनी छतापासून सुरुवात केली. पत्र्याखाली लाकडी वासे होते. त्या वाशांच्या मागे, पत्र्याच्या पन्हळीत, भिंतीच्या भेगांत, चाळीस वर्षांची रुई काळी पडून, जाळ्यात गुंतून, उंदराच्या घरट्यासारखी भरलेली होती. शिडीवर चढून ते ती काठीने खरवडून काढत. मी नाकाला रुमाल बांधा म्हणून सांगितले, शेवटी माझा एक स्टोल दिला. तो त्यांनी धुऊन, घडी घालून परत केला. पोती भरून ते कचरा गावाबाहेर नेत. रोज वाटे, आज संपेल. रोज आणखी एक भेग निघे. त्या महिन्यांत त्यांचा खोकला सुरू झाला. तो आधीपासून होता, असे खातूनबीने नंतर सांगितले. त्यांनी तो मशीनच्या आवाजात लपवला होता. आता मशीन नव्हते, त्यामुळे तो गल्लीभर ऐकू यायचा.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. फुप्फुसे आतून भरली आहेत, दुखणे जुने आहे, फार काही होणार नाही, असे निघाले. परत येताना एसटीत ते खिडकीपाशी बसले होते. म्हणाले, “पन्नास वर्सं म्या रुई खाल्ली, बाई. आता रुईची पाळी.” त्यावर ते स्वतःच थोडे हसले आणि त्या हसण्याने त्यांना इतका खोकला आला की कंडक्टरने गाडी थांबवू का म्हणून विचारले.

एका सकाळी ते माझ्या दारात आले, काखेत गुंडाळलेले काहीतरी घेऊन. लहान गादी होती. कापूस नेकनूरहून आणून दुसऱ्याकडून पिंजून घेतला होता, भरली मात्र त्यांनी. आणि तिला बंद खोळ होती. कापड इतके घट्ट विणीचे की नखाने धागा निघत नव्हता. कडांना दुहेरी शिवण, चेनीवर पट्टी, टाक्यांच्या भोकांवर आतून कापड चिकटवलेले. आयुष्यभर ज्याला ते गादीचा खून म्हणत, ते काम त्यांनी आपल्या हाताने, अगदी सुबक केले होते. मी बघत राहिले.

उरलेल्या कापडाचा तुकडा त्यांनी खिशातून काढला. तो तोंडाशी ताणून धरला, पलीकडे माझ्या तळहातावर चिमूटभर कापूस ठेवला आणि फुंकर मारली. कापूस हलला नाही. पुन्हा मारली. हलला नाही. मला आनंद झाला, मी म्हणाले, बघा, काहीच जात नाही. ते दम खात पायरीवर बसले आणि तुकडा माझ्यापुढे धरला.

“तुमी फुंका, बाई. कापड बंद हाय का माझाच दम संपलाय, ते मला समजंना.”

मी फुंकले. पूर्ण जोर लावून, तीन वेळा. कापूस जागचा हलला नाही. त्यांनी माझ्या तळहातावरून तो उचलला, आणि इतक्या महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर कारागिराचे समाधान दिसले. गादी इरफानच्या टेम्पोतून तुळजापूरला गेली. शबानाने ती ठेवून घेतली. सना अजून तिच्यावरच झोपते आणि रोजचा पंप ती न चुकता घेते, लपवून नाही.

त्यानंतर चाचा फार दिवस राहिले नाहीत. घर पूर्ण साफ झालेच नाही. पण त्यांना आठवताना मला त्यांचे शेवटचे अंथरूण आठवत नाही, त्याच्या पंधरा दिवस आधीचे भूमचे एसटी स्टँड आठवते.

त्यांची तब्येत ऐकून शबाना सनाला भेटवायला आणणार होती. चाचांनी निरोप पाठवला, घरी नको, स्टँडवर भेटू. एक गाडी येईल, दुसरी जाईल, मधल्या वेळात भेटू. दोन दिवस आधीपासून त्यांचे कपडे खातूनबीने उकळत्या पाण्यात धुतले होते. ते एकटे चालू शकत नव्हते, म्हणून मी बरोबर गेले. बाजाराचा दिवस नव्हता, स्टँड रिकामे होते. तुळजापूरची गाडी आली, सना उतरली. उंच झाली होती. आजोबांना बघून ती पळत निघाली, तर त्यांनी हात वर करून तिला तिथेच थांबवले.

मग त्यांचा दुसरा हात कानाकडे गेला. तिथे बोळा नव्हता, कधीचाच नव्हता. हात क्षणभर कानाशीच राहिला. नंतर त्यांनी बोट जिभेला लावून ओले केले आणि वर धरले. वारा आमच्याकडून तिच्याकडे जात होता. माझा दंड धरून, प्रत्येक पावलाला थांबत, ते सगळे आवार ओलांडून पलीकडे गेले, मुलीला मोठा वळसा घालून, वारा तिच्याकडून आमच्याकडे येईल अशा जागी पोचेपर्यंत. पाण्याच्या टाकीला पाठ टेकली आणि तिला खूण केली, आता बोल.

सना मोठ्याने बोलायला लागली. शाळेचे, मैत्रिणीचे, गादीचे, सगळे. वाऱ्याबरोबर तिचा शब्द न्‌ शब्द इकडे येत होता. चाचा उत्तरे देत होते. मी त्यांच्या शेजारी उभी असून मला जेमतेम ऐकू येत होते. उलट्या वाऱ्यात ती उत्तरे सनापर्यंत जाणे शक्यच नव्हते. ती हात कानामागे धरून ओरडत होती, दादा, काय म्हणता, जोरात बोला. ते जोरात बोलू शकत नव्हते. मी म्हटले, चाचा, थोडे तरी पुढे चला. त्यांनी मान हलवली, आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभे राहून ते तिच्याशी बोलत राहिले.